पुढे शिकू का, आत्या?

गेल्या रविवारी सकाळी साडेनऊला पुतणीचा फोन आला. नाइट करून रूमवर आली होती. आवाजात झोप होती आणि तरी झोप येत नव्हती. हे मला लगेच कळलं, कारण आयुष्यातली बरीच वर्षं मीही याच आवाजात घरी फोन केले आहेत. म्हणाली, "आत्या, एमएस्सीचा फॉर्म भरायची वेळ आलीये. पप्पा म्हणतात भर. मैत्रिणी म्हणतात जर्मनचा क्लास लाव. मला इथेच आयसीयूत बरं वाटतंय. एमएस्सी केलं की पेशंट सोडावे लागतात ना गं?"

मी एमएस्सी केलेली. त्यानंतर तीसेक वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवलेलं. तेव्हा उत्तर तयार असायला हवं होतं. पण मी "संध्याकाळी बोलू" म्हणून फोन ठेवला आणि दिवसभर त्याच विचारात राहिले. संध्याकाळी बोललो, पण तेही अर्धवटच. राहिलेलं इथे लिहिते. तिलाही वाचता येईल, आणि नातेवाईक मंडळींना आमचं हे 'पुढचं शिक्षण' म्हणजे नक्की काय भानगड आहे तेही कळेल. दादा, तूही वाच. थोडं लांबलंय, पण चहा घेऊन बस.

सुरुवात आमच्या मिरजेपासूनच करते. आमचे वडील रेल्वेत, घर जंक्शनपासून जवळ. मिरज म्हटलं की लोकांना तंतुवाद्यं आठवतात आणि दवाखाने. वॉनलेस साहेबांनी इथे १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं. लहानपणी त्या बाजूने जाताना पांढऱ्या कपड्यातल्या सिस्टर दिसायच्या आणि मला त्या फार आवडायच्या. घरी तसं बोलले तर आजी म्हणाली होती, "ते आपल्यातलं काम नव्हे." आजी वाईट नव्हती. तिच्या त्या एका वाक्यात शंभर वर्षांचा इतिहास होता, एवढंच.

तो इतिहास असा. परक्या माणसाचं अंग पुसायचं, मलमूत्र काढायचं, रात्री घराबाहेर राहायचं आणि तेही पगार घेऊन! आपल्याकडच्या 'चांगल्या' घरांना हे सोसणं शक्यच नव्हतं. त्यामुळे पहिली कित्येक वर्षं या कामात आल्या त्या मुख्यतः ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन मुली. मुंबईत डॉ. एडिथ पीची १८८३ मध्ये आल्या, १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल उघडलं आणि तिथे त्यांनी नर्सचं प्रशिक्षणही सुरू केलं. नर्सिंगच्या इतिहासाच्या आमच्या पाठ्यपुस्तकात एक ओळ असायची : १८९१ मध्ये काशीबाई गणपत ही पहिली भारतीय स्त्री नर्सिंगच्या शिक्षणासाठी आली. बस्. पुढे तिचं काय झालं, ती कुठली, कोणी पाठवलं, काही नाही. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, त्यांच्यावर कादंबरी आहे, नाटक आहे, सिनेमा आहे. रखमाबाई १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, त्यांच्यावरही पुस्तकं आहेत. काशीबाईला एक ओळ. मी ती ओळ मुलींना दर वर्षी शिकवायचे आणि दर वर्षी परीक्षेत 'एका वाक्यात उत्तरे द्या' मध्ये ती यायची. दुसरीकडे कुठे ती बसणार?

पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये सेवासदन काढलं. तिथून बायकांना, त्यातल्या कितीतरी विधवा, ससून हॉस्पिटलमध्ये नर्सिंग आणि सुईणपण शिकायला पाठवलं जाई. ज्या बाईचं घरात लग्नकार्यातसुद्धा तोंड बघत नसत, तिला अडलेल्या बाळंतिणीजवळ बसायला शिकवायचं! रमाबाईंच्या नावाने आज शाळा-संस्था आहेत, पण मला त्यांचं हे काम सगळ्यांत धाडसाचं वाटतं.

आता थोडं मागे आणि लांब जाऊ. फ्लॉरेन्स नाइटिंगेल सगळ्यांना माहीत असते ती हातात दिवा घेतलेली. पण ती पुतणीच्या वयाची होती तेव्हा तिच्याही घरी हाच प्रश्न होता. श्रीमंत घर, आई आणि बहीण ठाम विरोधात, हॉस्पिटलात जाणं म्हणजे घराण्याची अब्रू जाणं. शेवटी १८५१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ती जर्मनीत कैसरवर्थला जाऊन तीन महिने शिकली. (मैत्रिणींच्या जर्मन क्लासची मला त्यामुळे गंमत वाटली. पावणेदोनशे वर्षांपूर्वी साक्षात नाइटिंगेलबाईसुद्धा शिकायला जर्मनीलाच गेल्या होत्या!) त्यानंतर क्रिमियाचं युद्ध, स्कुटारी, ते सगळं आपण शाळेत वाचलेलं आहे. शाळेत सांगत नाहीत ते हे की बाई आकडेवारीत पक्की होती. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने १८५८ मध्ये तिला सभासद करून घेतलं, ती तिथली पहिली स्त्री. सैनिक गोळीपेक्षा घाणीने जास्त मरतात हे तिने आकृत्या काढून दाखवलं. हिंदुस्थानात ती कधीच आली नाही, पण इथल्या लष्करी छावण्यांची माहिती मागवून १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालासाठी तिने ढीगभर काम केलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीसुद्धा तिचा पत्रव्यवहार होता.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये तिच्या नावाची नर्सिंगची शाळा निघाली. पहिल्या तुकडीत १५ मुली. एक वर्षाचं शिक्षण आणि त्यानंतर काही वर्षं सांगतील त्या हॉस्पिटलात नोकरीची अट. ही शाळा जगभर गेली. आपल्याकडच्या जीएनएमच्या मुळाशीही तीच. पण तिच्यात एक गोम होती. शाळा हॉस्पिटलच्या पोटात असल्यामुळे मुली शिकायला आल्या आहेत की कामाला, हे कधी स्पष्टच झालं नाही. वॉर्ड चालायचे ते विद्यार्थिनींच्या जिवावर. माणसं कमी पडली की वर्ग रद्द. हे मी लंडनचं सांगत नाहीये, मी स्वतः पाहिलेलं सांगतेय.

दुसरी गोष्ट आणखी मजेची आहे. १८८७ मध्ये एथेल बेडफर्ड फेनविक नावाच्या बाईंनी इंग्लंडमध्ये नर्सची संघटना काढली आणि मागणी केली की डॉक्टरांसारखी नर्सचीही परीक्षा घ्या, सरकारी नोंदणी करा. याला विरोध कोणी केला? फ्लॉरेन्स नाइटिंगेलने. तिचं म्हणणं, चांगली नर्स परीक्षेने कळत नाही. लेखी पेपर देऊन माणसाचा स्वभाव कसा मोजणार? आणि फेनविकबाईंचं म्हणणं, मोजमापच नसेल तर शिकलेली आणि न शिकलेली यांत लोकांनी फरक कसा करायचा? भांडण तीस वर्षांहून जास्त चाललं. नाइटिंगेल १९१० मध्ये गेली आणि नोंदणीचा कायदा १९१९ मध्ये झाला. जिंकल्या फेनविकबाई.

मी विद्यार्थिनी होते तेव्हा मला फेनविकबाई शंभर टक्के बरोबर वाटायच्या. शिकवायला लागल्यावर, पेपर तपासताना, हळूहळू नाइटिंगेलचं म्हणणं कळायला लागलं. बेडसोर कसे टाळावेत यावर दहापैकी नऊ मार्क मिळवणारी मुलगी वॉर्डात पेशंटची कूस बदलायला टाळाटाळ करते, हे पाहिलं की कळतं. केईएममध्ये अरुणा शानभाग १९७३ पासून २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षं, अंथरुणावर होती. तिच्या अंगावर बेडसोर नाहीत, हे २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही आलं आहे. तिला सांभाळणाऱ्या नर्सच्या पिढ्या बदलल्या, पण कूस बदलायची राहिली नाही. या ज्ञानाला कुठल्या विद्यापीठाची पदवी द्याल?

पण म्हणून पदवी नकोच, असंही नाही. अमेरिकेत ॲडलेड नटिंग नावाच्या बाई होत्या. जॉन्स हॉपकिन्सच्या नर्सिंग शाळेच्या पहिल्या तुकडीतल्या, १८९१ च्या. १९०७ मध्ये त्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये नर्सिंगच्या प्राध्यापक झाल्या, जगातल्या पहिल्या. त्यांचा लढा साधा होता : मुलींना आधी शिकू द्या, फुकटचे हात म्हणून वापरू नका. १९२३ मध्ये तिकडे गोल्डमार्क अहवाल आला आणि त्यानेही हेच सांगितलं. हॉस्पिटलची गरज आणि शिक्षणाची गरज यांची टक्कर झाली की हार नेहमी शिक्षणाची होते, म्हणून नर्सिंग विद्यापीठात न्या.

आपल्याकडे हे यायला १९४६ उजाडलं. त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल आला आणि दिल्ली व वेल्लोर इथे बीएस्सी नर्सिंगचे पहिले वर्ग सुरू झाले. दिल्लीच्या कॉलेजला पुढे राजकुमारी अमृत कौर यांचं नाव मिळालं. याच कॉलेजात १९५९ मध्ये देशातला पहिला मास्टर्सचा अभ्यासक्रम निघाला आणि तिथेच मी १९९० ते ९२ शिकले. भोर अहवाल मी तिथल्या लायब्ररीत वाचला. त्यातला एक आकडा मी कधीच विसरले नाही. तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानात नर्स होत्या साधारण ७,०००, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. डॉक्टरांचं प्रमाण होतं ६,३०० माणसांमागे एक. म्हणजे डॉक्टरांचा दुष्काळ होता आणि नर्सचा तर त्याच्या सातपट.

एवढ्या दुष्काळात पदवीधर नर्स तयार केल्या तर त्यांना कुठे लावणार? उघड आहे, शिकवायला आणि कारभार बघायला. हजारो नर्स घडवायच्या तर आधी घडवणाऱ्या हव्यात. त्या वेळी ते बरोबरच होतं. मुंबईत १९६४ मध्ये एसएनडीटीने लीलाबाई ठाकरसी कॉलेज काढलं तेव्हाही हीच गरज होती. चूक झाली ती पुढे. ती सोय कायमची रीत होऊन बसली. आपल्याकडे जितकी शिकलेली नर्स तितकी पेशंटपासून लांब. बीएस्सी करा, एक वर्ष अनुभव घ्या, पाचपैकी एका विषयात एमएस्सी करा आणि बहुतेक वेळा हातात खडू घ्या. (आता प्रोजेक्टरचा रिमोट.) वॉर्डात राहिलात तर एमएस्सीने फारसं काही बदलत नाही. स्टाफ नर्सची इन्चार्ज सिस्टर आणि इन्चार्जची मेट्रन होते ती ज्येष्ठतेने.

तेव्हा पुतणीने विचारलेलं अगदी खरं आहे. हो बाई, बहुतेक वेळा पेशंट सोडावे लागतात.

आता माझी गोष्ट. घरच्यांना यातला काही भाग पहिल्यांदाच कळतोय, तेव्हा रागावू नका.

बीएस्सी झाल्यावर मी मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात लागले. १९८९ सालची गोष्ट. पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड, कॉट चाळीस, पेशंट साठ, उरलेले खाली गाद्यांवर. नाइटला मी, एक स्टुडंट आणि एक मावशी. सोळा नंबरच्या कॉटवर एक गिरणी कामगार होते, संपानंतर काम सुटलेले. हृदयाचा त्रास, पायाला सूज. गप्पिष्ट माणूस. त्या रात्री अकराला म्हणाले, "सिस्टर, आज काही बरं वाटत नाही बघा." काय होतंय विचारलं तर सांगता येईना. छातीत दुखत नव्हतं. नाडी ठीक, बीपी ठीक.

टीपीआरच्या चार्टवर श्वासाचा रकाना असतो. खरं सांगते, तो कोणी मोजत नसे. नाडी मोजायची, ताप बघायचा आणि श्वासाच्या रकान्यात वीस लिहायचं. सगळ्या वॉर्डाचा श्वास वीस! त्या रात्री मात्र त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी पूर्ण एक मिनिट मोजला. बत्तीस. लिहिला. डॉक्टरांना कॉल पाठवला. ते बिचारे दुसऱ्या वॉर्डात अडकलेले, त्यांनी फोनवर नाडी-बीपी विचारलं, मी सांगितलं, ते म्हणाले येतो. श्वास बत्तीस आहे हेही मी सांगितलं, पण कसं? 'आणि जरा धाप आहे' असं. मग खालच्या गादीवरच्या एका मुलाला फिट आली आणि मी तिकडे धावले. पहाटे साडेचारला परत सोळा नंबरकडे आले तेव्हा ते गेलेले होते.

कोणाचीच चूक नव्हती. कोणी मला बोललं नाही. सकाळी मी ओव्हर दिला, रूमवर गेले, झोपले. पण त्यानंतर नाइट लागली की दुपारपासून माझ्या पोटात गोळा यायचा. सात-आठ महिने मी तसे काढले आणि मग एमएस्सीचा फॉर्म भरला. फॉर्मवर कारण लिहिलं : अध्यापनाची आवड. वडील केवढे खूश झाले! स्टेशनवर पेढे वाटले त्यांनी. मला शिकायचं होतं म्हणून मी दिल्लीला गेले असं आजवर सगळे समजतात. मी नाइट ड्यूटीपासून पळाले होते.

पळाले त्याचंही मला फारसं वाईट वाटत नाही. थकलेल्या माणसाने थोडं लांब जावं. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. एमएस्सीला प्रबंध असतो. विषय आपण निवडायचा. माझ्याकडे प्रश्न होता, त्या बत्तीस आकड्याचा. माणूस कोसळण्याआधी कित्येक तास त्याचा श्वास वाढतो का? नर्सला ते दिसतं का? दिसलं तर ती ते डॉक्टरला अशा शब्दांत सांगू शकते का की त्याने हातातलं काम टाकून यावं? माझ्या हातात हा प्रश्न आयता होता. पण मला सोळा नंबरकडे परत जायचं नव्हतं. मी विद्यार्थिनींच्या अभ्यासाच्या सवयी असा सुरक्षित विषय घेतला. प्रश्नावली, टक्केवारी, निष्कर्ष, शिफारसी. चांगले मार्क मिळाले. तो प्रबंध माझ्यानंतर कोणी उघडला असेल असं मला वाटत नाही.

१९९७ मध्ये इंग्लंडमधल्या काही डॉक्टरांनी 'अर्ली वॉर्निंग स्कोअर' नावाची पद्धत मांडली. नाडी, बीपी, ताप, श्वास, शुद्ध, प्रत्येकाला गुण द्यायचे आणि बेरीज ठरावीक आकड्यापुढे गेली की नर्सने डॉक्टरला बोलवायचं. मग 'जरा धाप आहे' म्हणायची वेळच येत नाही, आकडा सांगायचा. २०१२ मध्ये तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तो देशभरासाठी एकसारखा केला. त्यात श्वास मिनिटाला पंचवीस किंवा जास्त असेल तर तेवढ्या एकाच गोष्टीला सगळ्यांत जास्त, म्हणजे तीन गुण. माझ्या सोळा नंबरचा बत्तीस होता. तो तक्ता मी वर्गात फळ्यावर काढायचे तेव्हा मुलींकडे पाठ करून जरा जास्त वेळ उभी राहायचे.

मी हे शोधून काढलं असतं असा माझा दावा नाही. पण प्रश्न माझ्याकडे आला होता आणि मी दुसराच उचलला, हे खरं आहे.

म्हणून मला सिसिली साँडर्स ही बाई फार जवळची वाटते. तीसुद्धा नर्स. दुसऱ्या महायुद्धात सेंट थॉमसमध्ये, नाइटिंगेलच्याच शाळेत शिकलेली. पाठीच्या दुखण्यामुळे नर्सिंग सोडावं लागलं तेव्हा ती हॉस्पिटलात समाजसेविकेचं काम शिकली. तिथे १९४८ मध्ये डेव्हिड टास्मा नावाचा कॅन्सरचा एक पेशंट तिच्या ओळखीत मरण पावला आणि तिला प्रश्न पडला : मरणाऱ्या माणसाच्या वेदना कमी करायला कोणी काहीच का करत नाही? एका सर्जनने तिला सांगितलं, डॉक्टर हो, नाहीतर तुझं कोणी ऐकणार नाही. ती झाली. १९५७ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. आणि १९६७ मध्ये तिने लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. आपल्या वांद्र्याचं शांती अवेदना, देशातलं पहिलं हॉस्पिस, १९८६ मध्ये निघालं, त्यामागेही तोच विचार. तीन वेळा शिकली ही बाई. पण प्रत्येक वेळी त्या शिक्षणाने ती पेशंटच्या आणखी जवळ गेली.

लोरेटा फोर्डचंही तसंच. अमेरिकेत कोलोरॅडोच्या खेडोपाडी काम करणारी नर्स. १९६५ मध्ये तिने हेन्री सिल्व्हर या डॉक्टरबरोबर 'नर्स प्रॅक्टिशनर' हा अभ्यासक्रम काढला. जास्त शिकलेली नर्स पेशंटजवळच राहील आणि जास्त जबाबदारी घेईल, अशी कल्पना. २०२५ मध्ये ती वारली, १०४ वर्षांची होऊन. आपल्याकडेही आता क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आला आहे. पुतणीला मी त्याबद्दल सांगितलं. पण हेही सांगितलं की शिकून बाहेर पडल्यावर त्या नावाचं पद हॉस्पिटलात असेलच असं नाही, आधी नीट चौकशी कर. कागदावरच्या गोष्टी जमिनीवर यायला आपल्याकडे वेळ लागतो. कायद्याचंच बघा. नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७ चा, नव्या कमिशनचा कायदा झाला २०२३ मध्ये. मधे शहात्तर वर्षं गेली.

असो. संध्याकाळच्या फोनवर मी तिला एकच विचारलं. "तुला आयसीयूत सगळ्यांत जास्त त्रास कशाचा होतो?"

मला वाटलं पगार म्हणेल, ड्यूट्या म्हणेल. ती म्हणाली, "व्हेंटिलेटरवरचे पेशंट बोलू शकत नाहीत ना, त्याचा. शुद्धीवर असतात, काहीतरी सांगत असतात आणि आपल्याला कळत नाही. मग ते चिडतात, नळ्या ओढतात आणि आपण हात बांधतो." मग जरा लाजत म्हणाली की तिने एक तक्ता केलाय. जुन्या पुठ्ठ्यावर चित्रं काढून. पाणी, दुखतंय, गरम होतंय, कूस बदला, लघवी, भीती वाटते. पेशंटने बोट ठेवायचं. इंग्रजीतले असले तक्ते नेटवर मिळतात, पण साताऱ्याच्या आजोबांना ते कळेनात. म्हणून तिने आपले काढले.

"कशावर बोट ठेवतात जास्त?" मी विचारलं.

"मला वाटलेलं पाणी. पण एक दरवाजा काढलाय मी, बाहेर कोण थांबलंय ते विचारायला. त्याच्यावर खूप जण ठेवतात."

मी काही वेळ बोललेच नाही.

माझं उत्तर त्यामुळे असं आहे. तिला वाटलं होतं की एमएस्सी की पेशंट, हा निर्णय आहे. इतिहासाने तो तसा करून ठेवलाय हे खरं. पण मला आता वाटतं की विचारायचा प्रश्न वेगळा आहे. तू कशापासून लांब जायला शिकतेयस, की कशाच्या जवळ जायला? पदोन्नतीसाठी, लग्नाच्या बायोडाटासाठी, नाइट चुकवण्यासाठी शिकलीस तरी ते पाप नाही. मीच केलंय. पण तुझ्याकडे आत्ता एक प्रश्न आहे आणि तो दुसऱ्या कोणाकडे याच रूपात नाही. तो घेऊन जाणार असशील तर जरूर जा. गाइड म्हणेल विषय लहान आहे, ऐकू नकोस. तक्ता पन्नास पेशंटना दे, कोण कशावर बोट ठेवतं ते लिही, हात बांधायची वेळ कमी येते का ते बघ. नाइटिंगेलबाईने याहून वेगळं काय केलं? दिसलं ते मोजलं, आणि मोजलं ते लोकांना समजेल असं काढून दाखवलं.

आणि यंदा नाही गेलीस तरी चालेल. साँडर्स एकोणचाळीसची होती. फॉर्म दर वर्षी निघतात. मात्र तक्ता टाकू नकोस आणि वही ठेव.

तिने अजून काही ठरवलेलं नाही. फॉर्मला थोडे दिवस आहेत. दादा, तू तिला रोज फोन करून 'भरलास का' विचारतोस ते जरा थांबव. वहिनी, तुम्ही 'मुलगी दमली, पुरे आता' म्हणता तेही काळजीनेच म्हणता हे तिला माहीत आहे. पुढच्या वेळी ती घरी आली की दोघांनी तिला एवढंच सांगा, तो पुठ्ठा घेऊन ये आणि आम्हाला दाखव.